हंटर १:१० : उतारावर उडणाऱ्या जेट ग्लायडरच्या कामाच्या नोंदी

५ ऑक्टोबर. मापं

मॉडेल हॉकर हंटर या ब्रिटिश लढाऊ जेटचं, रंग भारतीय हवाई दलाचे. मोटर नाही, टर्बाइन नाही. उताराला धडकून वर चढणाऱ्या वाऱ्यावर उडवायचं. प्रमाण १:१० घेतलं, कारण सगळी गणितं तोंडी होतात. खऱ्या हंटरचा पंखविस्तार १०.२६ मीटर, लांबी १३.९८ मीटर आणि पंखांचं क्षेत्रफळ ३२.४ चौरस मीटर. म्हणजे मॉडेल १०२६ मिमी रुंद, १३९८ मिमी लांब आणि पंख ३२.४ चौरस डेसिमीटरचे. वजनाचं लक्ष्य १००० ग्रॅम. त्यापुढे ११०० पर्यंत चालेल, पण मग जोराचा वारा लागेल.

हंटर निवडण्याचं कारण त्याचं लांब नाक. जेटच्या ग्लायडरमध्ये इंजिनाचं वजन नसतं, त्यामुळे मॉडेल कायम शेपटीकडे जड होतं. मिग-१५ सारख्या आखूड नाकाच्या विमानात शेपटीतल्या एका ग्रॅमसाठी पुढे दोन-दोन ग्रॅम शिसं भरावं लागतं. या आराखड्यात गुरुत्वमध्य नाकापासून सुमारे ७०७ मिमीवर येतो. शेपटीचा आडवा पंख त्याच्या मागे ५७० मिमीवर आहे आणि शिशाची जागा पुढे ६४७ मिमीवर. हिशेब जवळजवळ बरोबरीचा: मागे १० ग्रॅम वाढले तर पुढे ९ ग्रॅम.

पंखाचे आकडे मध्यरेषेवर धरलेले: मुळाशी कॉर्ड (पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतची रुंदी) ४४२ मिमी, टोकाला १९०, पाव कॉर्डवर ४०° मागे झुकाव. सरासरी वायुगतिक कॉर्ड, म्हणजे तोल मोजायला सगळ्या पंखाच्या बदली धरायची एक कॉर्ड, ३३३ मिमी निघते. तिची पुढची कड मुळाच्या पुढच्या कडेपासून २१४ मिमी मागे आहे. हे आकडे आराखड्याच्या कोपऱ्यात लाल पेनने लिहून ठेवले. (तरी पुढे घोळ झालाच. २३ नोव्हेंबर पाहा.)

८ ऑक्टोबर. साहित्य

पंखांच्या गाभ्याला पांढरा थर्माकोल, घनमीटरला २० किलोचा. पॅकिंगचा हलका थर्माकोल घेऊ नये. तारेने कापताना त्याचे मणी सुटतात आणि कागद चिकटवल्यावरही पृष्ठभाग खडबडीत राहतो. धडासाठी बारीक कणांचा निळा एक्सपीएस फोम. ८० जीएसएमचा ब्राऊन पेपर, पांढरा लाकडी गोंद, चौरस मीटरला ४९ ग्रॅमचं काचकापड, लॅमिनेटिंग इपॉक्सी, ३ मिमी लाइटप्लाय, ५ मिमी बल्सा. १० मिमी बाहेरच्या व्यासाची कार्बन नळी एक, ६ × ०.६ मिमी कार्बन पट्ट्या चार. या पट्ट्या एक मीटरच्या येतात. पंख झुकलेला असल्यामुळे स्पार (पंखाचा कणा) ५९० मिमी लांब होतो, त्यामुळे एका पट्टीतून एकच तुकडा निघतो. दोन पट्ट्यांत भागेल असं धरलं होतं आणि काम चार दिवस अडलं.

सर्वो (रेडिओच्या हुकमाने फळ्या हलवणारी छोटी यंत्रं): एलेरॉनला, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या, मॉडेल लोळवणाऱ्या फळ्यांना, ९ ग्रॅमचे दोन, धातूच्या गिअरचे. एलिव्हेटरला, म्हणजे शेपटीच्या नाक वर-खाली करणाऱ्या फळ्यांना, १४ ग्रॅमचा एक. बॅटरी मुद्दाम जड घेतली: एए आकाराचे चार निकेल-मेटल सेल, ११२ ग्रॅम. नाकात वजन लागणारच आहे, तर ते शिशाऐवजी विजेचं असलेलं बरं.

१२ ऑक्टोबर. पंखांचे गाभे, पहिला प्रयत्न वाया

०.४ मिमी निक्रोम तार, धनुकलीत ७०० मिमी ताणलेली. १२ व्होल्टला साधारण २ अँपिअर. मुळाला आणि टोकाला प्लायचे फर्मे (तारेला वाट दाखवणारे साचे) लावून तार ओढायची. एअरफॉइल (पंखाच्या छेदाचा आकार) आरजी-१५, जाडी ८.९ टक्के. धडाच्या बाजूला फर्मा ४१५ मिमीचा, टोकाला १९० चा.

अडचण इथेच आहे. एकाच वेळात एक हात ४१५ मिमी सरकतो आणि दुसरा १९०. टोकाकडे तार निम्म्याहून कमी वेगाने जाते, त्यामुळे तिथे जास्त फोम वितळतो. दोन्ही गाभ्यांच्या टोकाची मागची कड कागदासारखी पातळ झाली आणि एका ठिकाणी भोक पडलं. शिवाय ओढण्याचा वेग जास्त होता. तारेचं मधलं पोट मागे राहिलं आणि पंखाच्या मधोमध पुढच्या कडेला खड्डा आला. दोन्ही गाभे टाकले.

१३ ऑक्टोबर. पुन्हा कापले

तीन बदल केले. प्रवाह १.८ अँपिअरवर आणला. टोकाचा फर्मा सगळीकडून अर्धा मिमी मोठा केला, म्हणजे जास्तीचं वितळणं धरून माप बरोबर येतं. दोन्ही फर्म्यांवर दहा-दहा समान खुणा केल्या. मुळाकडचा माणूस आकडा मोठ्याने म्हणतो आणि टोकाकडचा त्याच आकड्यावर पोचतो. एकट्याने हे करू नये. खालची बाजू आधी कापली, मग वरची. एका कापाला साधारण ७० सेकंद लागले.

उरलेले वरचे-खालचे फोमचे कवच फेकू नका. पुढच्या कामात पंख त्यांच्यातच झोपवायचा आहे. प्रत्येक गाभा ४८ ग्रॅम भरला.

१९ ऑक्टोबर. स्पार आणि जोडनळी

स्पार कॉर्डच्या ३५ टक्क्यांवर, वर आणि खाली एकेक पट्टी. खाच तापलेल्या तारेने केली तर रुंद होते. पट्टीशेजारी धातूची फूटपट्टी ठेवून नवीन पात्याने दोन रेघा मारल्या आणि मधला फोम खरवडला. पाणी आणि गोंदाने कार्बन चिकटत नाही, इथे इपॉक्सीच लागतं. पट्टी आधी पॉलिश पेपरने खरखरीत करून घ्यावी.

१० मिमी नळी धडातून आडवी जाते आणि दोन्हीकडे १८० मिमी आत शिरते. एकूण ४७० मिमी. पंख मागे झुकलेला आणि नळी मात्र धडाला काटकोनात, म्हणून ती बाहेर जाताना पुढच्या कडेकडे सरकते. १८० च्या पुढे नेली असती तर फोमची भिंत पातळ झाली असती. मागच्या बाजूला ४ मिमीची कार्बन पिन, पंख फिरू नये म्हणून. नळीची म्यान बसवताना दोन्ही पंख सपाट फळीवर ठेवून गुण्या लावला. डायहेड्रल (पंखांची टोकं वर उचलण्याचा कोन) शून्य. म्यानात इपॉक्सी शिरू नये म्हणून तोंडं चिकटपट्टीने बंद केली. एका तोंडाची पट्टी निसटली. आत साचलेलं इपॉक्सी गोल कानशीने काढायला दोन तास गेले.

२०–२२ ऑक्टोबर. ब्राऊन पेपर

कागदाला चकाकी असलेली आणि खरखरीत अशा दोन बाजू असतात. खरखरीत बाजू फोमकडे. गोंदात एक तृतीयांश पाणी घातलं. कागद आधी पाण्याने दोन्हीकडून ओला करून पाच मिनिटं ठेवायचा. तो फुगतो, वाळताना आक्रसतो आणि ढोलकीच्या कातड्यासारखा ताणला जातो. पण याच ताणाने पंख पिळवटतो. म्हणून वरची आणि खालची बाजू एकाच बैठकीत लावायची. पंख त्याच्या फोमच्या कवचात ठेवून, वर फळी आणि सुमारे आठ-दहा किलो वजन ठेवून वाळवायचा.

टोकाला २° वॉशआउट, म्हणजे मागची कड वर राहील असा पीळ, हवा. मागे झुकलेल्या पंखात आधी टोकं स्टॉल होतात (उचल सोडतात) आणि मॉडेल एका बाजूला कोसळतं. १९० मिमी कॉर्डला २° म्हणजे टोकाच्या मागच्या कडेखाली ६.५ मिमीची पाचर.

उजवा पंख आठ तासांनी बाहेर काढला. हाताला कोरडा वाटला, पण कवचात हवा फिरत नाही, आत ओल होती. दुसऱ्या दिवशी टोक उलट्या बाजूला दीड अंश पिळलेलं. ब्रशने दोन्ही बाजूंना पाणी मारलं. हा गोंद पाण्याने पुन्हा मऊ होतो, इथे ते फायद्याचं ठरलं. पाचर ६.५ ऐवजी ८ मिमीची घातली, कारण थोडं परत फिरतंच. ३६ तास कवचात ठेवला. आता दोन्ही टोकं १.९° आणि २.१°. चालेल.

डावा १३४ ग्रॅम, उजवा १२८. फरक गोंदाचा.

२६ ऑक्टोबर. धड

एक्सपीएसचे दोन अर्धे मध्यरेषेवर दुहेरी टेपने हलकेच चिकटवले, आधी बाजूचा आकार आणि मग वरचा आकार तारेने कापला. चौकोनी धड गोल करायला पॉलिश पेपर ८० नंबर, लांब फळीला चिकटवलेला. हातात धरून घासलं तर लाटा येतात. प्रत्येक १०० मिमीवर पुठ्ठ्याचे उलटे फर्मे लावून तपासलं.

अर्धे सोडवले आणि आतून १२ मिमी भिंत राहील असं कोरलं. मध्ये ३ मिमी लाइटप्लायची पेटी: नळीचा आधार, सर्वोचा पाट, बॅटरीची जागा. पेटी ४५ ग्रॅम. पेटीला भोकं पाडून आणखी दहा ग्रॅम वाचले असते, पण नळीजवळ भोक नको म्हणून सोडून दिलं.

हंटरच्या नाकाखाली दोन फुगे असतात. ३० मिमी एडन तोफांच्या काडतुसांच्या साखळीच्या रिकाम्या कड्या त्यात जमा होत. मॉडेलला त्यांचा वेगळाच उपयोग आहे. उतरताना जमिनीला पहिला स्पर्श त्यांचाच होतो, म्हणून ते फोमचे न करता कडक बल्साचे केले आणि पाठीमागे प्लायचा तुकडा दिला.

२ नोव्हेंबर. काचकापड, ७० ग्रॅम जास्तीचे

पॉलिस्टर रेझिन फोम विरघळवतं, साधा सुपरग्लूसुद्धा. फक्त इपॉक्सी. धडाला एक थर, पोटाला आणि नाकाला दोन.

ब्रशने इपॉक्सी लावलं आणि ते छान चमकदार दिसलं. चमक दिसली म्हणजे जास्त झालं. कापडाची वीण स्पष्ट दिसली पाहिजे आणि पृष्ठभाग जवळजवळ कोरडा वाटला पाहिजे. हिशेबाने आवरण ११० ग्रॅमचं व्हायला हवं होतं, १७८ झालं. सुकल्यावर काही करता येत नाही. घासून १५ ग्रॅम उतरवायला गेलं तर कापड कापलं जातं.

शेपटीच्या भागावर अजून लावायचं होतं. तिथे जुन्या प्लास्टिक कार्डाने पसरवलं आणि लगेच टॉयलेट पेपरचा गुंडाळा वरून लाटण्यासारखा फिरवला. जास्तीचं सगळं त्याने टिपलं. वजन तिथेच मोजायचं: गुंडाळा आधी आणि नंतर काट्यावर ठेवा.

९ नोव्हेंबर. शेपूट

फिन (शेपटीचा उभा पंख) फोमचा, दोन्हीकडे १.५ मिमी बल्सा. आडवा पंख ५ मिमी बल्साचा, पुढच्या कडेला कार्बनची बारीक पट्टी. हंटरचा आडवा पंख धडावर नसतो, फिनवर थोडा वर बसतो. दिसायला सुंदर, पण बांधणाऱ्याला डोकेदुखी. सगळा भार काही सेंटिमीटरच्या सांध्यावर येतो. फिनमध्ये उभे दोन ३ मिमी कार्बन दांडे धडाच्या प्लायपर्यंत नेले आणि आडव्या पंखाच्या मधोमध १.५ मिमी प्लायची पट्टी घातली.

जोडताना पंखाची जोडनळी आणि आडवा पंख मागून एका डोळ्याने पाहिले. डाव्या बाजूला २ मिमी खाली. पाच मिनिटांच्या इपॉक्सीने दुरुस्तीला वेळच दिला नाही. फिनवरून कापून पुन्हा बसवलं, या वेळी ३० मिनिटांच्या इपॉक्सीने आणि दोन्ही टोकांना दोरा बांधून. पंख शेपटीपेक्षा १.५° वर.

सगळी शेपूट ४८ ग्रॅम.

१५ नोव्हेंबर. एलिव्हेटर अडकतो

दोन्ही एलिव्हेटर २ मिमी तारेच्या यू आकाराने जोडले होते, सरळ पंखाच्या ग्लायडरमध्ये करतात तसं. हलवून पाहिलं तर पाच मिमीनंतर जाम. कारण साधं होतं: बिजागराच्या रेषा मागे झुकलेल्या आहेत, म्हणजे डावी आणि उजवी एका सरळ रेषेत नाहीत. दोघांना एका तारेने बांधलं की ती तार पिळवटते. जोर लावून फिरवली तर एक बाजू दुसरीपेक्षा कमी फिरते आणि एलिव्हेटर खेचला की मॉडेल लोळतं.

तार काढून टाकली. दोन्ही बाजूंना वेगळे हॉर्न (काडी जोडायचे छोटे दांडे), दोन बारीक स्टीलच्या काड्या फिनच्या आत एका मुख्य काडीला वाय आकारात डाग देऊन जोडल्या. डाग देण्याआधी दोन्ही एलिव्हेटर टेपने शून्यावर धरून ठेवायचे. आता दोन्हीत फरक अर्ध्या मिमीपेक्षा कमी. दीड दिवस गेला. झुकलेल्या शेपटीचं कुठलंही जेट करणाऱ्याने हे आराखड्यातच धरावं.

सर्वो शेपटीत नाही, पंखाच्या पुढे पेटीत. काडी लांब आहे, म्हणून दर १५० मिमीवर फोमचा आधार. आधार नसेल तर ढकलताना काडी वाकते आणि खाली जाण्याचा हुकूम अर्धाच पोचतो.

१६ नोव्हेंबर. एलेरॉन, रिसीव्हर

एलेरॉन कागद लावून झाल्यावर पंखातूनच कापले, २०० × ४५ मिमी. बिजागर वरच्या बाजूला पारदर्शक टेपचं. सर्वो आडवा झोपवून. रिसीव्हरची अँटेना कार्बन नळीपासून दूर, फोमच्या भिंतीतून नाकाच्या बाजूला. कार्बन २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल अडवतो.

२३ नोव्हेंबर. गुरुत्वमध्याची चूक

बॅटरी नाकात ठेवली, मॉडेल बोटांवर तोललं, आणि ते शिसं न घालता बरोबर खुणेवर तोललं. इथेच शंका यायला हवी होती. शिशाशिवाय तोललं जाणारं जेट ग्लायडर जवळपास नसतंच.

हिशेबाने गुरुत्वमध्य सरासरी कॉर्डच्या २२ टक्क्यांवर हवा. २१४ अधिक ७३, म्हणजे मुळाच्या पुढच्या कडेपासून २८७ मिमी मागे. पण हे मूळ धडाच्या मध्यरेषेवरचं, धडाच्या आत असलेलं काल्पनिक मूळ. खूण मात्र धडाला पंख जिथे चिकटतो तिथून मोजली. ती जागा मध्यरेषेपासून ५५ मिमी बाहेर आहे. पुढच्या कडेचा झुकाव ४४° असल्यामुळे तिथे कड आधीच ५३ मिमी मागे गेलेली असते. म्हणजे खूण ५३ मिमी मागे पडली, २२ टक्क्यांऐवजी ३८ टक्क्यांवर. असं मॉडेल हातातून सुटताच नाक वर करून उलटतं.

खात्री करायला ३ मिमी फोमच्या पत्र्यातून चौथाई मापाचं सपाट मॉडेल कापलं, नाकाला टाचण्या. चुकीच्या खुणेवर तोललं तर नाक वर करून मागे पडलं. बरोबर खुणेवर खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सरळ गेलं. अर्ध्या तासाचं काम, आणि सर्वांत आधी करायला हवं होतं.

बरोबर खूण धडाच्या बाजूने २३४ मिमी. तिथे तोलायला नाकात ७२ ग्रॅम शिसं लागलं. जुनी खूण खोडून टाकली, दुसऱ्या रंगाची नवी केली.

आडवा तोलही पाहिला. डावा पंख जड होता. उजव्या टोकात अडीच ग्रॅम शिसं.

३० नोव्हेंबर. लांबी आणि अस्तर

सांध्यांना हलकी लांबी (खाचा भरायची पुटी), पाण्याची. एकदम जाड भरली तर मधून बुडबुडा राहतो आणि घासताना खड्डा उघडतो. दोन पातळ थर, मध्ये एक रात्र. १८० नंबरच्या पॉलिश पेपरने सुरुवात, मग ३२०. ब्राऊन पेपरवर ३२० च्या खाली जाऊ नका, तंतू उभे राहतात. राहिलेच तर पाण्याच्या पॉलीयुरेथेन वार्निशचा एक पातळ हात देऊन सुकल्यावर घासा, ते कापले जातात.

६ डिसेंबर. स्प्रेने पंख खाल्ला

अस्तर राखाडी, डब्यातला स्प्रे. पंख कागदाने पूर्ण झाकलाय, मग सॉल्व्हंट आत कसं जाणार, असा विचार. उजव्या पंखाच्या मागच्या कडेला एलेरॉन कापलेल्या जागी फोम उघडा होता, तिथला कागद नीट वळवून चिकटवला नव्हता. दहा मिनिटांत तिथे पाच सेंटिमीटरचा खड्डा बसला, वरचा कागद तसाच तरंगत राहिला.

खराब भाग पाचरीसारखा कापून काढला, थर्माकोलचा तुकडा घातला, वर कागद. सव्वा दिवस आणि चार ग्रॅम. नंतर प्रत्येक कापलेली कड, सर्वोचा खड्डा, वायर जायची भोकं, सगळ्याला वार्निशचे दोन हात दिले. आणि स्प्रे बंदच केला. पुढचं सगळं पाण्याच्या अॅक्रिलिकने, एअरब्रशने.

८–१४ डिसेंबर. रंग

वर गडद हिरवा आणि गडद समुद्री राखाडी यांचे पट्टे, खाली चंदेरी. उतारावर ही योजना उपयोगी आहे. वरून गडद आणि खालून चमकणारं मॉडेल कुठल्या कुशीवर आहे ते लांबून कळतं. पूर्ण चंदेरी जेट धूसर आकाशात काही सेकंदांत हरवतं आणि डावं-उजवं समजेनासं होतं.

चंदेरी आधी. त्याखालचं अस्तर पॉलिश केल्यासारखं गुळगुळीत हवं, चंदेरी रंग प्रत्येक ओरखडा दाखवतो. ६०० ने पाण्यातून घासलं. मग राखाडी संपूर्ण वर, त्यावर हिरव्याचे पट्टे. कडा किंचित मऊ हव्यात, म्हणून कागदाचे मुखवटे पृष्ठभागाला न चिकटवता खाली पुन्हा वापरता येणाऱ्या चिकट गोळ्याच्या वळ्या ठेवून ३ मिमी वर उचलले. नोझल काटकोनात धरायचं. तिरकं धरलं की रंग मुखवट्याखाली शिरतो. दोन ठिकाणी शिरला.

मास्किंग टेपने डाव्या पंखावरचा राखाडी सोलून काढला, रुपयाएवढा पोपडा. रंग एक दिवसाचा होता. दोन दिवस थांबावं, टेप आधी कपड्यावर दोनदा चिकटवून त्याचा जोर कमी करावा आणि काढताना स्वतःवरच दुमडत ओढावी.

गोल चिन्हं: मध्ये केशरी, मग पांढरा, बाहेर हिरवा. पारदर्शक डेकल (भिजवून चिकटवायचं छापील चित्र) कागदावर छापली तर गडद रंगावर केशरी मातकट दिसतं आणि पांढरा भाग दिसतच नाही, कारण प्रिंटर पांढरी शाई घालत नाही. म्हणून आधी पांढरं वर्तुळ रंगवलं, त्यावर डेकल. वर्तुळ डेकलपेक्षा अर्धा मिमी लहान ठेवलं, नाहीतर पांढरी कड डोकावते. पॅनेलच्या रेघा ०.५ च्या पेन्सिलने, कुठे ठळक कुठे पुसट. शेवटी अर्धमॅट वार्निश, एकच हात.

लांबी, अस्तर आणि रंग मिळून ९० ग्रॅम.

१७ डिसेंबर. कॅनॉपी

लाकडी ठोकळ्याचा आकार, त्यावर पेट प्लास्टिकची बाटली घालून हीटगनने आक्रसवली. पहिल्या तीन बाटल्या वाया: एकीला सुरकुती, दुसरीला भोक, तिसरीवर लाकडाच्या रेषा उमटल्या. ठोकळ्याला लांबी लावून ६०० पर्यंत घासला आणि बाटलीत मागून पाचर ठोकून ती ताणून धरली, तेव्हा चौथी स्वच्छ निघाली. उष्णता एका जागी थांबवू नये. १४ ग्रॅम, चौकटीसकट.

२० डिसेंबर. वजन

रंगानंतर शेपूट थोडी जड झाली. शिसं ७२ वरून ९५ ग्रॅम. एकूण १०६० ग्रॅम, म्हणजे चौरस डेसिमीटरला ३२.७. लक्ष्यापेक्षा ६० जास्त, आणि ते साठ २ नोव्हेंबरला धडावर बसले होते.

हालचाली: एलेरॉन वर १२ मिमी, खाली ६. एलिव्हेटर दोन्हीकडे ८. एक्स्पो (काठी मधोमध असताना हालचाल मंद करणारं सेटिंग) ३० टक्के.

२१ डिसेंबर. हातफेक

उंच गवत, मंद वारा. वाऱ्याच्या तोंडावर, नाक क्षितिजापेक्षा किंचित खाली, जोरात. पहिली फेक हळू गेली, डावं टोक पडलं, गवताने वाचवलं. दुसरी जोरात: सरळ तीसेक मीटर. एलिव्हेटरला एक मिमी वर ट्रिम (मूळ जागेची बारीक सुधारणा).

पकड अवघड आहे. धड जाड आणि गुळगुळीत, हात घसरतो. पोटाला गुरुत्वमध्याच्या जरा मागे बोटांसाठी पॉलिश पेपरच्या दोन पट्ट्या चिकटवल्या. दिसायला वाईट, पण राहू दिल्या.

२८ डिसेंबर. पहिलं उड्डाण

वारा ताशी २२ ते २८ किमी, उताराला जवळजवळ काटकोनात. फेकणारा वेगळा, ट्रान्समीटर धरणारा वेगळा. पहिल्या फेकीत मॉडेल उताराच्या कडेखाली सुमारे चार मीटर बुडालं, मग वेग धरला आणि वर आलं. या बुडण्याला घाबरून एलिव्हेटर ओढू नये. वेग आला की ते आपोआप चढतं.

वेगात वळण गुळगुळीत. हळू वळणात घट्ट ओढलं तर टोक पडण्याआधी नाक हलतं, ही वॉशआउटची कमाई. लोळ पुरेसा वेगवान. एलिव्हेटर खूप बोथट, नाक सारखं खाली.

डाइव्ह तपासणी: उंचावरून ३०–४०° खाली नेऊन एलिव्हेटर सोडला. मॉडेल जोरात वर आलं, म्हणजे नाक जड. सोडल्यावर आणखी खाली गेलं असतं तर गुरुत्वमध्य मागे आहे असं समजलं असतं.

उतरवताना कडेच्या मागच्या भोवऱ्यात सापडलं, शेवटचे दोन मीटर दगडासारखं पडलं. आडव्या पंखाचा उजवा भाग सांध्यापाशी तडकला. नाकाखालच्या फुग्यांना फक्त ओरखडे.

४ जानेवारी. दुरुस्ती, गुरुत्वमध्य मागे

तडा पूर्ण उघडला, पातळ इपॉक्सी आत सोडलं आणि वर-खाली काचकापडाचा १५ मिमी पट्टा लावला. तीन ग्रॅम शेपटीत, म्हणजे नाकात जवळपास तेवढेच. तरीही हिशेब पुढे-मागे न करता शिसं दहा-दहा ग्रॅमने दोनदा कमी केलं, प्रत्येक वेळी डाइव्ह तपासणी. २० ग्रॅम काढल्यावर गुरुत्वमध्य साधारण दहा-बारा मिमी मागे आला, धडाच्या बाजूने २४५ च्या आसपास, सरासरी कॉर्डच्या २५ टक्क्यांवर. आता डाइव्हमधून हळूच, मोठ्या कमानीत वर येतं. यापेक्षा मागे नेणार नाही.

एलिव्हेटर ८ वरून ६ मिमी केला, आता तो चांगलाच हुशार झालाय.

११ जानेवारी. उतरणं

दोन्ही एलेरॉन एकत्र १० मिमी वर जातील असा स्विच ठेवला. ब्रेक लागतो, नाक थोडं वर होतं, म्हणून त्याच्याबरोबर एलिव्हेटर २ मिमी खाली मिसळला. उंचावर आधी तपासला, कारण पहिल्या प्रयत्नात मिश्रणाची दिशा उलटी लागली होती आणि मॉडेल उभं राहिलं.

उतरण्याची जागा कडेपासून मागे न ठेवता बाजूला, उतार सपाट होतो तिथे. भोवरा तिथे कमी. वेग ठेवून आत यायचं आणि शेवटच्या मीटरला ब्रेक सोडून द्यायचा, म्हणजे एलेरॉन परत कामाला येतात. पाच उतरणी, मोडतोड नाही. फक्त पोटाचा चंदेरी रंग दोन ठिकाणी काचकापडापर्यंत गेला. तिथे रंग न लावता पारदर्शक टेप लावली, पुढच्या वेळी टेप बदलायची.

तासांचा हिशेब: पंख ३१, त्यातले नऊ वाया. धड २६. शेपूट आणि जोडण्या १९. रंग २८. कॅनॉपी ५. ट्रिम आणि दुरुस्ती १२. दुसरं करायचं झालं तर धडाला पोटाखेरीज कुठेही इपॉक्सी लावणार नाही, ब्राऊन पेपरच.